गोळी घेतली का, आणि दिसतंय का नीट?

आम्ही गटाच्या आरोग्य समितीतल्या चौघी. माईक एकीच्या हातात आहे, पण बोलणं चौघींचं आहे. कारण आज जे सांगायचं आहे, त्यात जी चूक झाली ती आम्हा चौघींची मिळून झाली होती.

ऐकता ऐकता एक काम करा. घरात औषधांची पिशवी असते ना, फडताळात नाहीतर फ्रिजच्या डोक्यावर, ती काढून जवळ घ्या. सासऱ्यांच्या गोळ्या, तुमच्या गोळ्या, लेकराची उरलेली बाटली, सगळं. भाकरी तव्यावर असेल तर आधी ती उलटा, मग पिशवी घ्या. आमची घाई नाही.

डोळ्याला काही झालं की आपण म्हणतो, धूळ गेली, नंबर लागला, मोबाईल फार बघते, वय झालं. पोटात घेतलेल्या गोळीचा डोळ्याशी संबंध असेल हे डोक्यातच येत नाही. आमच्याही येत नव्हतं. पण गोळी पोटात विरघळते आणि रक्तात जाते, आणि रक्त जाईल तिथं तीही जाते. डोळ्यात भिंग आहे, मागं पडदा आहे, पडद्यापासून मेंदूकडं जाणारी नस आहे. या तिन्हींपैकी एखाद्याला त्रास देऊ शकणारं औषध आपल्या प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतं, त्यांच्यातल्या पुष्कळांचा डोळा वाचवता येतो, पण वेळेवर कळलं तर. म्हणून हे बोलणं.

आमच्या गटातल्या एका बाईंची सून. सव्वीस वर्षांची, पदरात एक पोर. दोन महिने खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरून अडतीस किलोवर आलेलं. थुंकी तपासली, टीबी निघाला. औषधं लगेच सुरू झाली, रोज तीन गोळ्या. आम्ही चौघींनी पाळ्या लावून घेतल्या. रोज सकाळी एकीनं तिच्या दारात जायचं, "गोळी घेतलीस का?" विचारायचं, आणि वहीत खूण करायची. ती वही आमच्याकडं आहे. एका दिवसाचाही खाडा नाही. त्या वहीचा आम्हाला फार अभिमान होता.

ती घरी साड्यांना फॉल-पिको करायची. तिसरा महिना सरत आला आणि एका गिऱ्हाइकाची साडी परत आली. डाळिंबी साडीला तिनं तपकिरी दोऱ्यानं फॉल लावला होता. सासू म्हणाली, "लक्ष कुठं असतंय गं तुझं?" पुढच्या आठवड्यात हिरव्या साडीला राखाडी दोरा. मग सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारायला लागली. तिनं आम्हाला सांगितलंसुद्धा, "डोळ्याला अंधार अंधार वाटतंय." आणि आम्ही काय म्हणालो? "टीबीचं अंग आहे, अशक्तपणा असणारच. अंडी खा, शेंगदाणे खा, येईल ताकद." चौघीही हेच म्हणालो. वहीत खूण केली आणि घरी आलो.

असे पाच आठवडे गेले. एके दिवशी सकाळी आमच्यातली एक दारात उभी राहिली, तर तिनं ओळखलंच नाही. चार हातांवरून. आवाज ऐकल्यावर म्हणाली, "तुम्ही हाय व्हय ताई? माणसांची तोंडं मधोमध पुसल्यागत दिसायलेत बघा."

त्या दिवशी मात्र आम्ही थांबलो नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथं नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक तिच्यापुढं धरलं. ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात. आम्हाला बाजूला उभं राहून दिसत होते. तिला पहिल्या पानावरचा एक दिसला, बाकीची पानं तिच्यासाठी नुसते ठिपके. तिथून सोलापूरला मोठ्या दवाखान्यात. संध्याकाळपर्यंत कळलं की टीबीच्या औषधांतल्या एकानं डोळ्याच्या नसेला सूज आणली आहे.

त्या औषधाचं नाव इथॅम्ब्युटॉल. नाव अवघड आहे, पण पाठ करा. हे औषध निघालं १९६१ साली, आणि डोळ्यावर परिणाम होतो हे डॉक्टरांनी लगेच १९६२ मध्ये लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे कुणापासून लपवलेली गोष्ट नाही. साठ वर्षांपासून माहीत आहे. फक्त आमच्या वहीपर्यंत ती आली नव्हती.

पूर्वी आपल्याकडं टीबीची औषधं आठवड्यातून तीनदा असायची आणि नव्या पेशंटला इथॅम्ब्युटॉल पहिले दोनच महिने मिळायचं. २०१७ पासून देशभर रोजची औषधं सुरू झाली. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, आणि या दोन्हींत इथॅम्ब्युटॉल आहे. म्हणजे सहाही महिने. रोजच्या औषधानं टीबी चांगला आटोक्यात येतो, तेव्हा याबद्दल तक्रार नाही. पण डोळ्यांकडं लक्षही सहा महिने हवं, एवढाच त्याचा अर्थ. हा त्रास बहुधा दुसऱ्या महिन्यानंतर दिसायला लागतो, नेमका तेव्हा, जेव्हा पेशंटला बरं वाटायला लागलेलं असतं आणि घरचेही निवांत झालेले असतात.

डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. म्हणून फसायला होतं. दोन्ही डोळ्यांना सारखाच त्रास होतो बहुतेक वेळा. आधी रंग जातात, त्यातही लाल आणि हिरवा. कुंकू विटकरी दिसायला लागतं, हिरवा चुडा मातकट दिसतो. मग मधला भाग पुसट होतो. बाजूचं दिसतं, त्यामुळं बाई चालते-फिरते, पाणी आणते, कुणाला शंका येत नाही. पण समोरचं तोंड, सुईचं नेढं, ताटातला खडा दिसत नाही.

कुणाला जास्त धोका? ज्यांना गोळीचा डोस वजनाच्या मानानं जास्त होतो त्यांना. म्हणून औषध सुरू करताना वजन करतात, ते अंदाजानं सांगू नका, काट्यावर उभं राहा. दुसरं, ज्यांची किडनी अधू आहे. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. किडनीनं ते टाकलं नाही तर अंगात साठत जातं. आपल्याकडं साखरेची आणि बीपीची माणसं घरोघरी आहेत, त्यातल्या कितीतरी जणांना किडनीचं दुखणं आहे हे ठाऊकही नसतं. अशा माणसाला टीबी झाला तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगायचं. वय झालेल्यांनाही धोका जास्त. आणि लहान लेकरं. त्यांना सांगताच येत नाही. पुस्तक नाकाजवळ धरायला लागलं, रंगखडू चुकीचा उचलायला लागलं, तर ओरडू नका, दवाखान्यात न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे ऐकून कुणी टीबीची गोळी बंद केली, तर आजचं आमचं बोलणं विषासारखं होईल. टीबीची औषधं मध्येच सोडली तर जंतू निर्ढावतात. मग साध्या औषधांना दाद देत नाहीत, आणि तोच टीबी घरातल्या लेकरांना लागतो. शिवाय ही चार औषधं एकाच गोळीत एकत्र असतात, त्यामुळं "डोळ्याची तेवढी गोळी काढून टाकते, बाकीच्या घेते" असं घरी करताच येत नाही. ते डॉक्टरच करतात. इथॅम्ब्युटॉल थांबवतात, उरलेली औषधं वेगळी काढून देतात, काही बदलून देतात. म्हणून दिसण्यात फरक पडला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आशाताईंना सांगून दवाखाना गाठायचा. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. टीबीसाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-६६६६, तिथंही विचारता येतं.

अजून एक, म्हणजे घाबरण्याच्या यादीतून एक गोष्ट कमी होईल. टीबीची औषधं सुरू झाल्यावर लघवी केशरी होते, घाम केशरी, डोळ्यातलं पाणीसुद्धा केशरी होतं. ते रिफाम्पिसिन नावाच्या दुसऱ्या औषधामुळं. त्यानं काही बिघडत नाही. पाणी केशरी येऊ द्या. फक्त रंग ओळखता येतात की नाही, ते बघा.

टीबी साध्या औषधांना दाद देत नाही तेव्हा जी औषधं देतात, त्यांत लिनेझोलिड असतं. तेही डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकतं. त्यात पायाच्या बोटांना मुंग्या येणं, तळव्यांची आग होणं हेही बरोबर होतं. दोन्ही सांगायचं. "पायाचं काय सांगायचं, चालून दुखत असतील" असं म्हणू नका.

घरी बघायचं कसं? आम्ही आता भिंतीवरचं कालनिर्णय वापरतो. औषध सुरू होईल त्या दिवशी दारातल्या उजेडात ते टांगायचं, ठरलेल्या फरशीवर उभं राहायचं, एक डोळा तळहातानं झाकायचा, दाबायचा नाही. सगळ्यात बारीक कुठली ओळ वाचता येते ते वहीत लिहायचं. मग दुसरा डोळा. चष्मा असेल तर चष्मा लावूनच. मग रविवारच्या तारखा बघायच्या, त्या लाल असतात. किती लाल दिसतात? दर आठवड्याला तीच जागा, तोच उजेड, तीच ओळ. एकेक डोळा झाकायचा तो अशासाठी, की चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम गुपचूप करत राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आणि पहिल्या दिवशीचं लिहून ठेवायचं ते अशासाठी, की दोन्ही डोळे बरोबरच मंद झाले तर आज कशाशी ताडून बघणार? वाचता येत नाही त्यांनी चित्र घ्या, रांगोळीतले ठिपके घ्या, तांदळातले खडे घ्या. लाल आणि हिरव्या बांगड्या घ्या. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे. दवाखान्यात कधी पळायचं, एवढंच ती सांगते.

सुनेचं पुढं काय झालं, ते सांगतो. औषध थांबवल्यावर महिनाभर काही फरक नव्हता. ते दिवस आमच्या जिवावर आले होते. मग हळूहळू उजेड यायला लागला. पाचव्या-सहाव्या महिन्याला तोंडं ओळखू लागली. टीबीही बरा झाला. पण दोऱ्यांचे रंग अजून तिला दिव्याखाली धरून बघावे लागतात, आणि डाव्या डोळ्याला लाल रंग अजूनही फिकाच आहे. डॉक्टर म्हणाले, पाच आठवडे आधी आला असता तर जास्त परत मिळालं असतं. काही जणांचं परत येतच नाही, तेव्हा हिचं नशीब. पण त्या पाच आठवड्यांच्या खुणा आमच्या वहीत आहेत, पस्तीस खुणा, सगळ्या आमच्याच हातच्या.

आता पिशवीत दुसरं काय आहे बघू. कागदाच्या पुड्या आहेत का? पांढरी एक, पिवळी एक आणि एक बारकी? बारकीबद्दल बोलायचं आहे.

आमच्या ओळखीच्या एक मावशी विड्या वळायच्या. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत कितीजणींची चूल या कामावर चालते ते सांगायला नको. हजार विड्यांचा हिशेब, मान खाली, बोटं चालू. चाळिशीच्या आतच बोटांची पेरं सुजली, गुडघे धरले. बाजारच्या गावात एकजण पुड्या द्यायचा. पुडी घेतली की संध्याकाळपर्यंत बोटं मोकळी. मावशी त्याला देवमाणूस म्हणायच्या, आणि त्यांची चूक नव्हती, कारण दुखणं खरंच थांबायचं. पाच-सहा वर्षं पुड्या चालल्या. तोंड गोल झालं, गाल भरले. आम्हीच म्हणायचो, "मावशी, तब्येत सुधारली." पंचेचाळिसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं. तरी डावीकडून कोंबडी आली तर दिसेना, दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. तपासलं तर काचबिंदू.

ती बारकी गोळी म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी तिची नावं. वायसोलोन, बेटनेसोल ही दुकानातली ओळखीची नावं. ही औषधं मुळात वाईट नाहीत. दमा उसळला, लेकराच्या किडनीला सूज आली, अंगातली रोगप्रतिकारशक्ती उलटली, तर हीच औषधं जीव वाचवतात. पण डॉक्टर ती मोजून देतात, कमी करत आणतात, आणि लक्ष ठेवतात. पुडीत मोजणारं कुणी नसतं.

जास्त दिवस घेतली की डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो. हा म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूसारखा सावकाश नसतो. उन्हात डोळे दिपतात, समोरून गाडीचा दिवा आला की काही दिसत नाही, जवळचं वाचता येत नाही. हा मोतीबिंदू तिशी-चाळिशीतही होतो. त्याचं ऑपरेशन होतं, नजर येते. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि नस आतून वाळत जाते. दुखत नाही. कडेकडेनं नजर कमी होते आणि मधली शेवटपर्यंत राहते, त्यामुळं बाई म्हणत राहते की मला चांगलं दिसतंय. गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशननं परत येत नाही. राहिलेली तेवढी राखता येते. आई-वडिलांना काचबिंदू असेल तर आपल्याला धोका जास्त.

स्टेरॉइड महिना-दोन महिन्यांच्या वर चालणार असेल तर डोळ्याचा दाब तपासून घ्या, आणि पुन्हा कधी यायचं ते तिथंच विचारा. पण इथंही तेच, एकदम बंद करायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. अचानक थांबवलं तर बीपी उतरतो, माणूस गळून पडतो, जिवावर बेततं. पुडी घेत असाल तर लाजू नका. पुडी तशीच घेऊन सरकारी दवाखान्यात जा, किती वर्षं घेतली ते सांगा. दुखणं खोटं नव्हतं तुमचं, मग लाज कसली?

२०२१ चा उन्हाळा आठवतो? करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी आली, म्युकरमायकोसिस. आपल्या महाराष्ट्रात कितीतरी माणसांचा डोळा काढावा लागला. त्यांतल्या पुष्कळांची साखर वाढलेली होती, आणि अंगात स्टेरॉइड होतं. तेव्हा ती औषधं जीव वाचवायलाच दिली होती. पण काही जणांनी गरज नसताना, मनानं, व्हॉट्सॲपवर आलेली यादी दुकानात दाखवून घेतली होती. साखरेच्या माणसाला स्टेरॉइड म्हणजे दुहेरी जोखीम, एवढं लक्षात ठेवा. आणि जाता जाता, उन्हाळ्यात लेकरांचे डोळे खाजतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या ड्रॉप्सची बाटली पुन्हा पुन्हा आणू नका. त्यातल्या कित्येक बाटल्यांमध्ये स्टेरॉइड असतं, आणि त्यानं लेकरालाही काचबिंदू होतो.

संधिवातासाठी मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्या मैत्रिणींच्या पिशवीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन असेल, एचसीक्यू म्हणतात ते. चांगलं औषध आहे, वर्षानुवर्षं घेता येतं. पण डोस वजनावर ठरतो. वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणजे ४० किलोच्या बाईला २००. तुमच्या चिठ्ठीवर जास्त दिसलं तर डॉक्टरांना विचारा, विचारल्यानं कुणी रागवत नाही. रागावले तरी विचारा. सुरुवातीच्या वर्षात एकदा पडदा तपासून घ्यायचा, आणि पाच वर्षं झाली की दरवर्षी. किडनी अधू असेल तर आधीपासूनच. याचं दुखणं असं, की आपल्याला फरक जाणवतो तोवर पडदा बिघडलेला असतो आणि तो सुधारत नाही. म्हणून इथं कालनिर्णय पुरत नाही, मशीनवरचीच तपासणी लागते. ती सोलापूरच्या सिव्हिलला डोळ्यांच्या विभागात विचारा.

साखरेचं औषध किंवा इन्सुलिन नवीन सुरू झालं की काही आठवडे धूसर दिसू शकतं. साखर उतरते तसं भिंगातलं पाणी कमी-जास्त होतं, नंबर हलतो. लगेच नवा चष्मा करू नका. पैसे जातात आणि महिन्याभरात तो चष्मा कपाटात. साखर स्थिर झाली की मग नंबर काढा. वर्षातून एकदा पडद्याची तपासणी मात्र साखरेच्या प्रत्येक माणसाला हवी.

सासऱ्यांना रात्री चारदा उठावं लागतं म्हणून लघवीची गोळी असेल, टॅमसुलोसिन. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव घालाल तेव्हा ती गोळी डॉक्टरांना दाखवा. त्या गोळीनं बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनच्या वेळी लडबडतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारीनं बसतात. घरी बंद करून जाऊ नका, बंद केल्यानं तो परिणाम जातोच असं नाही. पुरुष माणसं ही गोळी शिबिरात सांगत नाहीत, हा आमचा अनुभव. सांगायचं काम सुनेवरच येतं.

माला-एन घेणाऱ्या मैत्रिणींना एक. अर्धशिशी सुरू होण्याआधी डोळ्यापुढं नागमोडी चमकत्या रेषा येतात का? येत असतील तर ती गोळी तुमच्यासाठी नाही, आशाताईंना सांगून दुसरं साधन घ्या. आणि गोळी चालू असताना एका डोळ्यानं एकाएकी दिसेनासं झालं, तर लगेच दवाखाना.

धावत जायच्या दोन गोष्टी उरल्या. सर्दीची गोळी, पोटातल्या मुरड्याची गोळी, यांनी डोळे कोरडे होतात, जवळचं थोडं पुसट दिसतं. ते एक-दोन दिवसांत जातं. पण काही जणींच्या डोळ्यातली पाणी वाहून जायची वाट मुळातच अरुंद असते. चाळिशीपुढच्या बायकांमध्ये हे जास्त, लांबचं बघायलाही जाड भिंगाचा अधिक नंबर असणाऱ्यांमध्ये जास्त. अशा गोळीनं ती वाट एकदम बंद होते. डोळा लाल, ठणका, दिव्याभोवती रंगीत कडं, आणि उलट्या. घरातले म्हणतात पित्त झालं, सोडा देतात, अंधारात झोपवतात. सकाळपर्यंत डोळा हातचा जातो. अर्धशिशीसाठी किंवा फिट्ससाठी टोपिरामेट सुरू झालं असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही डोळ्यांना असं होऊ शकतं. डोळा लाल, ठणका आणि उलटी एकत्र आलं, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट. नवीन गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगावर चट्टे, तोंड सोलवटणं आणि डोळे लाल. सल्फाच्या गोळ्या, फिट्सच्या काही गोळ्या, दुखण्याच्या काही गोळ्या यांनी असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावरचं. इथं पुढची गोळी घेण्याआधी थेट मोठा दवाखाना. त्याला गोवर किंवा कांजिण्या समजून घरात ठेवू नका.

पिशवी अजून मांडीवर आहे ना? पाकिटातली गोळी कापून घेतली की बहुधा नावाचाच तुकडा दुकानात राहतो. दुकानदाराला सांगा, नाव असलेल्या बाजूनं कापून दे, नाहीतर चिठ्ठीवर लिहून दे. पक्कं बिल मागा. औषधाचा उलटा परिणाम झाला असं वाटलं तर त्याची नोंद करायलाही फुकट फोन आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नव्हे, आपणही फोन करू शकतो.

आमच्या वहीत आता दोन रकाने आहेत. एक, गोळी घेतली का. दुसरा, दिसतंय का नीट. सध्या गावात तिघांची टीबीची औषधं चालू आहेत, तिघांच्याही पानावर पहिल्या दिवशीची ओळ लिहिलेली आहे. आणि एक पाळी आता चौघींतली कुणी नाही, तीच सून सांभाळते. पहिल्या दिवशी ती पेशंटच्या हातात दोन रिळं देते आणि विचारते, यातलं लाल कुठलं?

येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली पिशवी घेऊन या. कालनिर्णय आम्ही आणतो.